अठरावं बटण

५ डिसेंबर

अगं,

पत्र लिहायला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. अडतीस वर्षं तुला 'अगं' म्हणत आलो, त्यावर भागलं. नावानं हाक मारली तर तूच दचकशील. तेव्हा 'अगं'च राहू दे.

फोन करून करून कंटाळलो म्हणून हे पत्र. फोन तुझी धाकटी बहीण उचलते आणि दर वेळी एकच सांगते, "ताई झोपलीय, भावोजी." सकाळी दहाला झोपलीय, दुपारी बाराला झोपलीय, संध्याकाळी पाचलाही झोपलीय. मनगट मोडलं की माणसाला एवढी झोप येते हे मला माहीत नव्हतं. मागून टीव्हीचा आवाज येत असतो आणि तुझं हसणंही. झोपेत हसत असशील.

एक तारखेला निघताना म्हणालीस, "प्लास्टर निघेपर्यंत जाते, तिथे हाताखाली माणूस आहे." माझं काही म्हणणं नव्हतं. उजवा हात गळ्यात अडकवून तू इथे काय करणार, आणि स्वयंपाकघरात माझा उपयोग किती ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. पण काल कपाट उघडलं, तर तुझे उन्हाळ्यातले सुती कपडेसुद्धा जागेवर नाहीत. प्लास्टर सहा आठवड्यांचं. उन्हाळा चार महिन्यांवर. हे गणित मला सुटत नाहीये, आणि गणितात मी कधी कच्चा नव्हतो.

असो. तुझ्या जाण्याचा एक फायदा मात्र आहे. घरात वीज कोण जाळतं हा आपला जुना वाद आता कायमचा मिटेल. दोघं असताना रोज चार युनिटं जळायची. आता मी एकटा. म्हणजे दोन व्हायला हवीत. माझ्या अंदाजानं दोनपेक्षाही कमी, कारण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना मागचा पंखा आणि दिवा तसाच ठेवणारी व्यक्ती सध्या तिच्या बहिणीकडे झोपलेली आहे. तुझ्या नेलपॉलिशनं मी घरातल्या सतराच्या सतरा बटणांवर लाल टिंबं केली, तेव्हा तू तीन दिवस अबोला धरला होतास. आता बघ त्या टिंबांची किंमत. एका टिंबाचं बटण गरजेपुरतं, दोन टिंबांचं विचारून. एकटाच असल्यामुळे मी स्वतःलाच विचारतो आणि बहुतेक वेळा नाही म्हणतो.

जिन्यात कशी पडलीस असं तिथे कोणी विचारलं तर सांग, की दिवा ऐन वेळी उडाला. दिवे उडतात. चौतीस वर्षं वीज कंपनीच्या मीटर तपासणी खात्यात काढली आहेत मी, मला विचार. त्यात कोणाचाच दोष नसतो.

पत्राखाली 'तुझा' लिहावं का ते कळेना, म्हणून रीडिंग लिहितो.

आजचं मीटर: १८३४२


११ डिसेंबर

अगं,

तुझ्या बहिणीनं फोनवर सांगितलं की पत्र मिळालं. "ताईनं वाचलं का?" म्हटलं, तर म्हणाली, "आम्हाला सगळ्यांना वाचून दाखवलं." मी ते सगळ्यांसाठी लिहिलं नव्हतं. आमच्या साडूंना माझ्या मीटरशी काय करायचंय? ज्यांच्या न्हाणीघरात तीन दिवे आहेत, आणि तिन्ही आत कोणी नसताना चालू असतात, त्यांनी हसू नये.

आता मुद्द्याचं. सहा दिवसांत बारा युनिटं व्हायला हवी होती. झाली एकतीस.

पुन्हा लिहितो. एकतीस. एकटा माणूस, सतरा लाल टिंबं, आणि रोजची पाच युनिटं! दोघं होतो त्यापेक्षा जास्त. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. बॅटरी घेऊन वाचलं. मीटर काय खोटं बोलतो? माणसं खोटं बोलतात, मीटर बोलत नाही, हे मी नव्या पोरांना शिकवायचो.

माझ्याकडून थोडंफार झालं असेल, ते कबूल करतो. चहा दिवसातून सहा-सात वेळा होतो, कारण केलेला पहिला कप कुठेतरी ठेवून विसरतो, तो गार होतो आणि पुन्हा किटली लावावी लागते. तू सकाळी एकदाच पाणी उकळून थर्मास भरायचीस. तो थर्मास कुठे ठेवलायस? कडधान्य विजेच्या शेगडीवर दीड तास शिजवलं तरी दाताखाली कटकट वाजत होतं. शिवणबाईनं (समोरच्या घरात शिवणकाम करणारी, तू तिला बाय म्हणतेस ती) खिडकीतून सांगितलं, "काका, रात्री भिजत घालायचं असतं." हे पाकिटावर लिहायला काय होतं या लोकांना? शर्टाला रोज इस्त्री करतो. कुठे जायचं नसतं, पण चुरगळलेल्या शर्टात मीटर वाचायला मला आवडत नाही. एका शर्टासाठी इस्त्री तापते आणि तापेपर्यंतच अर्धी वीज खाते. तू आठवड्याचे कपडे एका दमात उरकायचीस आणि शेवटचे दोन रुमाल बटण बंद करून, उरलेल्या धगीवर करायचीस. मला वाटायचं, तुझं लक्ष नसतं म्हणून बटण आधीच बंद होतं.

पण हे सगळं धरूनही एकतीस होत नाहीत. हिशेबात कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते कुठे मुरतंय ते मी शोधून काढणार. आयुष्यभर दुसरं केलंय काय?

हाताला मुंग्या येतात का? बोटं हलवत जा, डॉक्टरांनी सांगितलंय. तुला दिवा नव्हता म्हणून ती पायरी दिसली नाही, आणि दिवा नव्हता कारण तो उडाला होता. आधी लिहिलंच आहे मी. पुन्हा लिहायचं कारण नाही.

आजचं मीटर: १८३७३


१९ डिसेंबर

अगं,

आज माझी अब्रू जायची तेवढी राहिली, आणि त्याला कारण तू इथे नसणं.

आठ दिवसांत शेहेचाळीस युनिटं झाली. मग मी रीतसर तपासणी केली. आमच्या तपासणीच्या खोलीत मीटरची पहिली परीक्षा हीच असायची. सगळा भार काढायचा आणि मीटरकडे बघत बसायचं. काहीही चालू नसताना जो सरकतो, त्याला आम्ही 'रांगणारा' म्हणायचो. आज सकाळी सतराच्या सतरा बटणं बंद केली, फ्रिजची पिन काढली, स्टूल घेऊन मीटरसमोर बसलो. लाल दिवा लुकलुकतोय. थोडा थांबतो, पुन्हा लुकलुकतो. रिकाम्या घराचे आकडे चालू! मी अर्धा तास बसलो होतो. घर इतकं शांत होतं की शेजारच्या नळाचं टपटप ऐकू येत होतं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चोरी! जिन्यातल्या दिव्याची वायर शिवणबाईच्या दारावरून जाते. तो दिवा एक वर्ष त्यांच्या मीटरवर आणि एक वर्ष आपल्या मीटरवर असतो, यंदा आपल्या. नोकरीत मी असे साठ-सत्तर चोर पकडले आहेत. वायरवर नुसता एक आकडा टाकला की झालं. गेलो आणि दार वाजवलं. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

म्हटलं, "तुमच्या मशीनची वायर जरा बघू द्या."

टाचण्या काढून म्हणाली, "का हो?"

"आमचा मीटर रिकामा पळतोय. जिन्यातल्या वायरवरून कोणी घेतलं असेल तर..."

"कोणी म्हणजे मीच ना, काका? तुमच्याशिवाय आम्ही दोघीच राहतो या मजल्यावर, मी आणि माझं मशीन."

"मी तसं म्हटलं नाही. चौतीस वर्षांच्या अनुभवावरून..."

"जिन्याच्या दिव्यावरून चोरायला आधी तिथे दिवा नको का? काकू पडल्यापासून होल्डर मोकळा आहे. येणाऱ्या बायका कपडे घेऊन चाचपडत जिना उतरतात. तुम्हाला लावायचा नसेल तर सांगा, मी माझ्या मीटरवरून लावते." आणि आत जाऊन तिनं तिचं बिल आणून माझ्या हातात दिलं. आठ वर्षांत एकदाही थकलेलं नाही म्हणे. मी ते वाचलं नाही. म्हणजे वाचलं, पण तिच्यासमोर नाही.

आणखीही काहीबाही बोलली. त्या संध्याकाळी तू पडायच्या आधी जिन्यात काहीतरी सरकल्याचा आवाज तिला आला म्हणे. एवढ्या मशीनच्या खडखडाटात हिला सरकल्याचे आवाज येतात! काय सरकणार? उंदीर असेल.

तू असतीस तर आधीच म्हणाली असतीस, "जाऊ नका तिच्या दारात." मी ऐकलं नसतं, पण निदान जरा वेळ वाया गेला असता.

आजचं मीटर: १८४१९


२२ डिसेंबर

अगं,

सापडलं. चोर सापडला. हे पत्र मोठ्यांदा वाचू नकोस. एकटी वाच.

आज टॉवेल धुवायला काढले. न्हाणीघराच्या दाराबाहेर खुंटीवर टॉवेल असतात ते, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. टॉवेल काढले आणि मागे भिंतीवर बटण. अठरावं. त्यावर लाल टिंब नाही. बारीक लाल दिवा मात्र आहे, आणि तो पेटलेला.

गीझर.

चौतीस वर्षं मी लोकांना विचारत आलो, तुमच्याकडे गरम पाण्याला काय आहे, किती वेळ चालू असतं, कोण बंद करतं. माझ्या घरी कोण बंद करतं हे मला कोणी विचारलंच नाही. नळ सोडला की गरम पाणी येतं, एवढंच मला ठाऊक. आपण घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, ऑटोमॅटिक आहे. मी म्हटलं, छान, बघायला नको. आज कळलं की ऑटोमॅटिक तू होतीस. मी उठायच्या आधी तू ते बटण लावायचीस, माझी अंघोळ झाली की टॉवेल वाळत टाकायच्या निमित्तानं बंद करायचीस, आणि राहिलेल्या कोमट पाण्यात तुझी उरकायचीस. आणि मी बाहेरून ओरडायचो, "किती वेळ! पाणी काय फुकट तापतं?" तापवलेलं असायचं माझ्यासाठीच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोही शेजारणीला चोर ठरवून.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये. मी ते बटण लावलेलं नाही. मला ते माहीतच नव्हतं. म्हणजे ते एक तारखेपासून चालू आहे. त्या दिवशी सकाळी तुझी गाडी आठला येणार होती. उजव्या हाताला प्लास्टर, दोन बॅगा भरून दाराशी, माझ्याशी धड बोलायलाही तयार नव्हतीस. आणि तरी तू माझ्या अंघोळीचं पाणी लावून गेलीस. डाव्या हातानं लावलं असशील.

तू हे का केलंस? इतकी रागावली होतीस तर गार पाण्यानं करू द्यायची होतीस मला अंघोळ. आता या एकवीस दिवसांच्या गरम पाण्याचं मी काय करू?

शिवणबाईची माफी मागितली. दारातच. तिनं "बरं" म्हटलं आणि टाचण्या पुन्हा तोंडात घातल्या.

बटण बंद केलं आहे. मीटर: १८४३७


३० डिसेंबर

अगं,

थर्मास सापडला. तू तो कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला होतास. सकाळी एकदा पाणी उकळतो, दिवसभर पुरतं. कडधान्य भिजत घालतो, अर्ध्या वेळात शिजतं. भांड्यावर झाकण ठेवतो. ऊन आलं की पूर्वेची खिडकी उघडतो, कललं की पडदा ओढतो, मग संध्याकाळी हीटर लागत नाही. हे सगळं तू करायचीस आणि बोलायची नाहीस. मी सतरा टिंबं काढली आणि सगळ्या मजल्याला सांगत सुटलो. आठ दिवसांत तीस युनिटं झाली. म्हणजे एकटा असूनही मी दोघांच्या आसपासच आहे. निम्म्यावर काही येता येत नाही. म्हणजे दोघांची चार होती त्यात तुझी किती आणि माझी किती, हे तूच लाव. मी लावून पाहिलं, आणि मला ते उत्तर आवडलं नाही.

काल तुझ्या बहिणीचा फोन आला. पहिल्यांदा तिनं आपण होऊन केला. प्लास्टर सहा तारखेला निघणार. मी म्हटलं, मग सातला मी न्यायला येतो. तिनं टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "भावोजी, मागची खोली रिकामीच असते. ताई म्हणते, बघू." बघू म्हणजे काय? कोण बघणार? तुझं घर इथे आहे. बघू हा शब्द आपण दुकानात घ्यायचं नसलं की वापरतो. मी तिला काहीतरी टोचून बोललो आणि फोन ठेवला. तिला सांग, रागावू नकोस म्हणावं. तिच्यावर नव्हता तो राग.

आज दुपारी शिवणबाई आली. हातात कपड्यांची चळत. त्या दिवशी तुझ्या हातातून जिन्यात विखुरले होते ते, वरच्या गच्चीवरून आणलेले. तिनं उचलून, धुऊन, घडी करून ठेवले होते. म्हणाली, "काकू आल्या की द्यायचे होते. पण काकूंचं काही कळत नाही." मी चळत खाटेवर ठेवून बघितली. माझे पाच शर्ट, दोन पायजमे, माझाच टॉवेल. तुझं काही नव्हतंच त्यात.

ती दारातून जाता जाता एवढंच म्हणाली, "काका, मी कोणाला काही सांगितलेलं नाही. काकूंनाही नाही."

मला तुला एक सांगायचं आहे. आज नको. आज रीडिंग लिहितो.

आजचं मीटर: १८४६७


४ जानेवारी

अगं,

पाच दिवसांत चार कागद फाडले. हा पाचवा. हा फाडणार नाही.

दिवा उडाला नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी तू गच्चीवर कपडे आणायला गेलीस आणि जिन्यातला दिवा लावून गेलीस. मी दारात उभा होतो. नुकताच अंधार पडत होता, पूर्ण पडला नव्हता. मला वाटलं, एवढ्या उजेडात दिवा? हजारदा सांगितलंय हिला. पालथ्या घड्यावर पाणी. बटण खालीही आहे आणि वरही आहे. मी खालून बंद केला असता तर तू वरून लावला असतास, नेहमी तसंच होतं. म्हणून मी आतून स्टूल आणलं, वर चढलो आणि दिवाच काढून घेतला. शर्टाच्या खिशात टाकला. तुला धडा शिकवायचा होता.

वरून तू बटण दाबल्याचा आवाज मला आला. दोनदा दाबलंस. मग विचारलंस, "अहो, दिवा गेला का हो?" मी स्टुलावरच होतो. मी उत्तर दिलं नाही. मी जर 'थांब' म्हटलं असतं तर तू थांबली असतीस. तू कपडे घेऊन उतरायला लागलीस. दोन्ही हात भरलेले होते.

नऊ वॉटचा दिवा. तू दहा मिनिटं वर असशील. अशा सहाशे सहासष्ट फेऱ्या तू घातल्या असत्यास, तरी एक युनिट पुरं झालं नसतं. हा हिशेब मी त्या दिवशी करू शकलो असतो. पाढ्यासारखा येतो मला तो. केला नाही.

आता जे लिहितो ते मी शिवणबाईलाही बोललो नाही, पण तिनं ऐकलं आहे. पहिल्यांदा स्टूल सरकलं, मग उजेड गेला, मग तू पडलीस, आणि मग पुन्हा स्टूल सरकलं. बरोबर ऐकलं तिनं. तू पडून "अहो" म्हणून ओरडलीस, आणि मी आधी तुझ्याकडे आलो नाही. मी आधी स्टूल आत नेऊन ठेवलं.

चौतीस वर्षं मी वीजचोर पकडले. तपासणीवाला दारात आला की चोर सगळ्यात आधी काय करतो ते मला विचार. आकडा काढतो आणि लपवतो. घरात कोणी आजारी असो, पोर रडत असो, तो आधी आकडा लपवतो. मला तेव्हा किळस यायची त्यांची. मला वाटायचं, ही माणसंच वेगळी असतात.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, दिवा उडाला. दिवा माझ्या खिशात होता. रात्री शर्ट बदलताना तो काढून मी कपाटात मोज्यांच्या मागे ठेवला. तो अजून चांगला आहे. काल दुपारी मी तेच स्टूल नेलं, तोच दिवा परत बसवला. शिवणबाई दार उघडून बघत होती. मी तिला म्हटलं, "उडाला नव्हता हा." ती म्हणाली, "मला नका सांगू, काका. जिला सांगायचं तिला सांगा." म्हणून सांगतोय.

तेव्हापासून दिवा चालू आहे. दिवसा, रात्री. मी बटणाला हात लावलेला नाही. बटणांवरची लाल टिंबं तुझ्याच नेलपॉलिश काढायच्या औषधानं पुसली, दोन बटणांवरची गेली नाहीत.

मला माफ कर असं लिहिणार होतो, पण मागणं सोपं आणि देणं तुझ्या गळ्यात, म्हणून नाही लिहीत. मागच्या खोलीत राहायचं असेल तर राहा. तुझे उरलेले कपडे मी आणून देईन. दारातूनच देईन, आत येणार नाही. पण तू यावंस असं मला वाटतं. घर रिकामं झालं की मीटर खरा कळतो असं मी समजत होतो. काही कळत नाही. नुसतं रिकामं होतं.

मीटर आज वाचला नाही.

तुझा


९ जानेवारी

अहो,

डाव्या हातानं लिहितेय, म्हणून अक्षर असं. प्लास्टर निघालं, पण उजव्यात अजून पेन धरवत नाही. वाचता आलं नाही तर बायला दाखवा.

तुम्ही मला उचललंत तेव्हा माझा गाल तुमच्या खिशाला लागला होता. दिवा टोचला मला. तुम्हाला काय वाटलं, मी काय समजून होते? गाडीत सगळा रस्ता मी त्या खिशाकडे बघत होते. डॉक्टरांसमोर तुम्ही 'उडाला' म्हणालात, तेव्हाही बघत होते. मला वाटलं, आता काढतील, आता म्हणतील. नाही काढलात. स्टूलही ऐकलं मी. मी खाली पडून हाका मारतेय आणि तुम्ही लाकडाचं स्टूल जागेवर ठेवताय. हात मोडल्याचं मला एवढं नाही लागलं.

पहिल्या पत्रात 'दिवे उडतात' लिहिलंत, तेव्हा मी वाचून हसले, कारण रडले असते तर बहिणीनं कारण विचारलं असतं. पुढे 'उंदीर असेल' लिहिलंत, त्या दिवशी मात्र बहिणीला सांगितलं, मागची खोली झाडून ठेव. मीटरचे आकडे पाठवता मला! मी तुमच्या रीडिंगशी लग्न केलं होतं का?

पाणी का लावून गेले ते विचारलंत. सवय. एवढंच. तुम्ही त्यात भलतं काही बघू नका. म्हणजे बघितलंत तरी चालेल.

चार तारखेचं पत्र मी कोणालाही वाचून दाखवलं नाही. बहीण विचारत होती, आज मीटर किती? मी म्हटलं, आज मीटर नाही.

पहिली गोष्ट, यापुढे मी 'अहो' म्हटलं की 'ओ' द्यायची. स्टुलावर असाल तरी, रागावलेले असाल तरी. दुसरी, डॉक्टरांकडे परत जायचंय, तेव्हा त्यांना तुम्ही सांगायचं, मी नाही. तिसरी मला आत्ता आठवत नाही, तिथे आल्यावर सांगीन.

आणि तो दिवा दिवसा कशाला जाळताय? बंद करा आधी. मी गुरुवारी संध्याकाळी येतेय, सातच्या सुमाराला. तेव्हा लावा.